मायक्रो-ग्रूव्ह नळी आणि ओतीव शिशाची गोळी

रायफलीच्या नळीत आतून कोरलेले सर्पिल चर गोळीला फिरकी देतात व त्या फिरकीमुळे ती उड्डाणात स्थिर राहते. अमेरिकेतील मार्लिन कंपनीने १९५३ साली ‘मायक्रो-ग्रूव्ह’ या नावाने कमी खोलीचे, पण संख्येने अधिक चर असलेली नळी प्रचारात आणली. जुन्या पद्धतीच्या नळीत बहुधा सहा चर असून त्यांची खोली सुमारे चार हजारांश इंच असे; मार्लिनच्या .३०-३० (सुमारे ०.३० इंच व्यासाच्या गोळीचे एक काडतूस) रायफलींत बारा, तर .२२ (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचे छोटे काडतूस) रायफलींत सोळा उथळ चर आले. तांब्याचे कवच असलेल्या गोळीला ही रचना मानवली. घरी साच्यात ओतलेली शिशाची गोळी मात्र अशा नळीत चालत नाही, असा समज नेमबाजांत रूढ झाला.

हा समज अर्धाच खरा आहे. उथळ चरांची पकड कमी असल्याने मऊ गोळी जास्त वेगात फिरकी न घेताच पुढे घसरते, आणि ती नळीपेक्षा बारीक असेल तर कडेने निसटणारा तप्त वायू तिचा पृष्ठभाग वितळवून नळीत शिशाचा थर बसवतो. मात्र .२२ च्या काडतुसातील गोळी मऊ शिशाचीच असते आणि सोळा उथळ चरांतून ती बिनतक्रार जाते, कारण तिचा वेग बेताचा असतो. तेव्हा दोष बहुतेक वेळा चरांचा नसून गोळीच्या मापाचा असतो.

म्हणून आधी नळी मापतात. शुद्ध शिशाचा किंचित मोठा तुकडा तेल लावलेल्या रिकाम्या नळीतून हलक्या हाताने ठोकत पलीकडे काढतात आणि त्यावर उमटलेल्या उंचवट्यांवर मायक्रोमीटर धरतात. चर बारा, म्हणजे सम असल्याने उंचवटे समोरासमोर येतात व व्यास सरळ वाचता येतो; पाच किंवा सात चरांच्या नळीत ही सोय नसते. .३०-३० साठी कवचाची गोळी ०.३०८ इंचाची असते, तर ओतीव गोळी ०.३१० ते ०.३११ इंचाची घेतात. ती याहून जाड केल्यास भरलेले काडतूस कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ते बसते त्या जागेत, बसेनासे होण्याचा संभव असतो.

शिशात अँटिमनी व कथील मिसळून गोळी कठीण करतात. छपाईच्या लायनोटाइप धातूत अँटिमनी सुमारे १२ व कथील ४ टक्के असल्याने त्याला जुने ओतकाम करणारे फार जपत. गोळीच्या बुडाशी तांब्याची छोटी वाटी, म्हणजे बुडाला तप्त वायूपासून वाचवणारा ‘गॅस चेक’, दाबून बसवतात आणि गोळीच्या अंगावरील खाचांत मेणयुक्त वंगण भरतात.