७८०५ तापतोय? बदलण्याआधी हे मोजा

(पाच व्होल्ट पुरवठ्याच्या किटसोबतचे माहितीपत्रक)

रेग्युलेटरला बोट लावले आणि चटका बसला, म्हणजे तो गेला, असे धरून नवा बसवू नका. बहुतेक वेळा नवाही तितकाच तापतो. ७८०५ हा लिनियर रेग्युलेटर, म्हणजे बाहेरचे व्होल्ट पाचवर स्थिर ठेवणारी तीन पायांची आयसी आहे. १२ व्होल्ट आत घेतो, ५ बाहेर देतो आणि मधले ७ व्होल्ट उष्णता करून टाकतो. किती उष्णता, ते कागदावर काढता येते: आतल्या व्होल्टमधून बाहेरचे वजा करा आणि उरलेल्याला अँपिअरमधल्या करंटने गुणा. उत्तर वॅटमध्ये येते.

चार रिलेंचे (कॉइलला करंट दिला की लागणाऱ्या स्विचांचे) बोर्ड घ्या. पाच व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर घेते. चारही लागले की २८०, मायक्रोकंट्रोलर आणि एलईडीचे २० धरून ३००. अॅडॉप्टर १२ व्होल्टचा असेल तर ७ × ०.३ = २.१ वॅट. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारी धातूची पाती) नसलेला ७८०५ दर वॅटमागे आतून साधारण ६५ अंश चढतो. म्हणजे १३६ अंश, वर खोलीचे ३५. चिपची मर्यादा १२५ अंश. अर्थात तो १७१ पर्यंत पोहोचत नाही. त्याआधीच आतले संरक्षण पुरवठा तोडते, चिप थोडी निवते, पुन्हा सुरू होते. बाहेरून दिसते ते असे: रिले टकटक करतात, प्रोग्राम आपोआप पहिल्यापासून सुरू होतो, आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

याच बोर्डावर एकच रिले चालू असेल तर करंट ९० मिलिअँपिअर, उष्णता ०.६३ वॅट, आतले तापमान ७६ अंशांच्या आसपास. बोटाला चटका तेव्हाही बसेल, पण आयसी ठणठणीत आहे. साठ अंशांच्या पुढे बोट टिकतच नाही, म्हणून बोटावर भरवसा नको. मल्टिमीटरसोबत थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार असेल तर ती धातूच्या पाठीला टेकवून आकडा घ्या.

हीटसिंकशिवाय १ वॅटच्या वर जाऊ नका. विदर्भातला मे महिना आणि बंद प्लास्टिकचा डबा असेल तर पाऊण वॅटच धरा.

मोजण्याचा क्रम

आधी पाच व्होल्टच्या बाजूचा सगळा लोड, म्हणजे करंट घेणारे सगळे भाग, सोडवा आणि पुरवठा द्या. ७८०५ स्वतःसाठी पाच-सहा मिलिअँपिअरच घेतो, तेव्हा तो कोमटही व्हायला नको. तरीही तापला तर दोष बोर्डावर आहे. दोन पायांमध्ये सोल्डरचा थेंब अडकला आहे का, भिंगाने पाहा. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा पट्टा असलेला पाय निगेटिव्हला आहे ना, ते पाहा. उलटा असेल तर तोही गरम लागतो, डोके फुगते.

मग पाय. छापील बाजू समोर, पाय खाली: ७८०५ मध्ये डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९०५ (उणे पाच व्होल्टचा) मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. एलएम३१७ (व्होल्ट बदलता येणारा) मध्ये अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. तिन्ही एकाच डबीत ठेवले की गफलत होतेच. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर पायांना अगदी लागून हवेत. ते नसतील किंवा लांब तारेवर असतील तर रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट वेगाने वरखाली होत राहते. मल्टिमीटर पाचच्या आसपास दाखवतो आणि आयसी मात्र तापत राहतो.

लोड काढल्यावर थंड राहिला, तर लोड जोडून इनपुटचे व्होल्ट मोजा. अॅडॉप्टरवर छापलेला आकडा धरू नका. साधा ट्रान्सफॉर्मरवाला १२ व्होल्टचा अॅडॉप्टर हलक्या लोडवर १६-१७ देतो. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) स्वतः जोडले असतील तर १२ व्होल्ट एसीचे डीसी साडेपंधरा होतात. ३०० मिलिअँपिअरला सव्वातीन वॅटच्या जवळ. तिथे ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. मेनची बाजू उघडी असताना हात घालू नका.

करंट मोजताना लाल तार १० अँपिअरच्या भोकात, मीटर सिरीजमध्ये. काम झाले की तार लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा. विसरलात आणि व्होल्ट मोजायला गेलात की पुरवठा थेट शॉर्ट होतो.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय इनपुट उतरवण्याचा. ९ व्होल्टच्या रेग्युलेटेड अॅडॉप्टरवर वरचेच बोर्ड २.१ ऐवजी १.२ वॅट जाळते. साडेसातच्या खाली मात्र नको. ७८०५ ला वर साधारण दोन व्होल्टची जागा लागते.

अॅडॉप्टर बदलायचा नसेल तर इनपुट कॅपॅसिटरच्या आधी १० ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर घाला. ३०० मिलिअँपिअरला तो ३ व्होल्ट स्वतःवर घेतो. उष्णता कमी होत नाही, फक्त दोघांत वाटली जाते. दोन ७८०५ समांतर जोडून मात्र वाटणी होत नाही. ज्याचे आउटपुट किंचित जास्त, तोच बहुतेक भार ओढतो.

हीटसिंक दर वॅटला २० अंशांचा घेतला तर पेस्ट आणि आतला रोध धरून एकूण २६ होतात. २.१ वॅटला ५५ अंशांची चढ, हे चालते. पेस्ट पातळच लावा. लोण्यासारखा थर दिला तर उष्णता अडते. पाती उभी ठेवा, डब्याला खाली-वर भोके पाडा, इलेक्ट्रोलिटिक दोन सेंटिमीटर दूर ठेवा. ७८०५ ची धातूची पाठ ग्राउंडला असते. एलएम३१७ आणि एएमएस१११७ (आणखी एक लिनियर रेग्युलेटर) ची आउटपुटला. एकाच हीटसिंकवर बसवताना मायका (मधला वीज अडवणारा पातळ पापुद्रा) विसरलात तर शॉर्ट ठरलेला.

अर्ध्या अँपिअरच्या पुढे लोड असेल तर एलएम२५९६ चा बक मॉड्यूल घ्या; तो जास्तीचे व्होल्ट जाळत नाही, वेगाने चालू-बंद करून उतरवतो. आमच्या उदाहरणात तो अर्ध्या वॅटच्या आत जाळतो. लोड जोडण्याआधी स्क्रू फिरवून आउटपुट ५.० वर आणा; नवा मॉड्यूल कितीवर बसवलेला असेल, सांगता येत नाही. ऑडिओ किंवा नाजूक सेन्सर असेल तर बकवर साडेसात ठेवा आणि पुढे ७८०५ राहू द्या, म्हणजे स्विचिंगची खरखर गाळली जाते.

बदलून मागताना चार आकडे कळवा: लोडसह इनपुट व्होल्ट, आउटपुट व्होल्ट, करंट, आणि लोड काढल्यावरचे आउटपुट. लोडशिवाय ४.८ ते ५.२ येत असतील तर रेग्युलेटर चांगला आहे, तो पाठवू नका.