बायोस सेटअप

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स ताबा घेईपर्यंतचा सगळा कारभार मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमधला प्रोग्रॅम पाहतो. हेच फर्मवेअर, आणि त्याच्या जुन्या प्रकाराचे नाव बायोस. रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना, हे ते तपासते आणि कोणत्या डिस्कवरून कोणती प्रणाली सुरू करायची ते ठरवते. त्याच्या या निवडी जिथे पाहता आणि बदलता येतात, तो पडदा म्हणजे बायोस सेटअप. आजच्या जवळपास सर्व यंत्रांत बायोसची जागा यूईएफआय या नव्या प्रकारच्या फर्मवेअरने घेतली असली, तरी दुकानात आणि उत्पादकांच्या संकेतस्थळांवरही ‘बायोस’ हाच शब्द चालतो.

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आणलेल्या पहिल्या पीसीत असा पडदा नव्हता. मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे बोर्डावरचे बारीक स्विच वर-खाली करून सांगावे लागे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ आणि त्याच्याच चिपमध्ये त्याच बॅटरीवर टिकणारी थोडी सीमॉस मेमरी आली. निवडींची ही मांडणी तिथे साठू लागली, पण ती बदलणारा प्रोग्रॅम वेगळ्या फ्लॉपीवर असे. तो पुढे चिपमध्येच आला. इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी आखलेल्या ईएफआयमधून यूईएफआय घडले आणि २००५ पासून अनेक कंपन्यांचा एक मंच ते सांभाळतो.

बायोस आणि यूईएफआय यांच्या कामाच्या पद्धतीतला फरक समजला की निम्मी कोडी सुटतात. जुना बायोस डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा भाग वाचतो आणि त्यातला कोड डोळे झाकून चालवतो. ही एमबीआर पद्धत साधारण दोन टेराबाइटपलीकडची डिस्क हाताळू शकत नाही. यूईएफआय डिस्कवरच्या एका लहान विभाजनातली (फॅट प्रकारच्या वेगळ्या कप्प्यातली) फाइल शोधते आणि ‘या डिस्कवरची ही फाइल’ अशी नोंद स्वतःच्या मेमरीत ठेवते. सेटअपमध्ये दिसणारे ‘विंडोज बूट मॅनेजर’ हे नाव म्हणजे अशीच एक नोंद.

सेटअपमध्ये शिरायचे बटण उत्पादकागणिक बदलते. सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपवर बहुधा डिलीट, डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१. एकदाच पेनड्राइव्हवरून सुरू करायचे असेल तर मांडणी बदलण्याची गरजच नसते. बूट मेनूचे बटण वेगळे असते: डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच यंत्रांवर एफ१२, एचपीवर एफ९. एसएसडी आणि फास्ट बूटमुळे बटण दाबायला एखाद-दुसरा सेकंदच मिळतो. म्हणून विंडोजमधूनच जाणे सोपे: शिफ्ट दाबून रीस्टार्ट करायचे, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. हा शेवटचा पर्याय दिसलाच नाही, तर विंडोज बहुधा जुन्या बायोसच्या, म्हणजे लेगसी, पद्धतीने बसवलेले असते.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ हा संदेश पाहून लोकांच्या पोटात गोळा येतो. दुरुस्तीवाले अशा वेळी सर्रास ‘फॉरमॅट मारून’ देतात, आणि घराचे फोटो, दुकानाचा हिशेब, लिहून होत आलेला प्रबंध विनाकारण जातो. ही सवय मोडली पाहिजे. संदेशाचा अर्थ एवढाच की फर्मवेअरने जिथे शोधले तिथे त्याला प्रणाली सापडली नाही. म्हणून आधी एकच गोष्ट पाहावी: सेटअपमध्ये डिस्कचे नाव दिसते का? दिसत नसेल तर केबल, एसएसडीच्या एम.२ खाचेतील बसवण किंवा खुद्द डिस्क संशयित ठरते. दिसत असेल तर डिस्कवरचे बाकी सगळे बहुधा शाबूत असते. एखादा पेनड्राइव्ह लागून राहिलेला असतो, बूट क्रम बदललेला असतो, किंवा लेगसी पद्धतीने बसवलेले विंडोज यूईएफआय पद्धतीने शोधले जात असते.

यामागे पुष्कळदा सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बटण बॅटरी असते. ती संपली की जुन्या बोर्डांवर घड्याळासोबत मांडणीही मूळपदावर जाते. तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसली, सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करू लागली, की आधी ही स्वस्त बॅटरी बदलून पाहावी.

डिस्क नियंत्रकाची पद्धत हे घोटाळा होण्याचे दुसरे ठिकाण. रेड आणि एएचसीआय या त्याच्या दोन पद्धतींत अदलाबदल झाली की विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. जुनी निवड परत केली की बहुधा पूर्ववत सुरू होते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही, कारण ती इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून त्याच वेळी दिला की ती दिसते.

सेटअपमधली सिक्युअर बूट ही सोय फक्त विश्वासार्ह डिजिटल सही असलेली बूट फाइलच चालू देते. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला ही सोय आणि टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षा यंत्रणा लागते. उबुंटू आणि फेडोराकडे अशी सही आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी ते बंद करावे लागत नाही. मात्र सिक्युअर बूट वा टीपीएमला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवीच. बदल ओळखून विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर डिस्क उघडण्याचा मार्ग उरत नाही.

पडदा पूर्ण काळा असेल तर बीपचे आवाज किंवा बोर्डावरचे दिवे काय सांगतात ते पुस्तिकेत पाहावे. रॅम काढून पुन्हा नीट बसवणे, वीज तोडून सीमॉस मोकळे करणे हे पुढचे उपाय. डीडीआर५ रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. तेव्हा मेमरीची जुळवणी चालू असते. बटण दाबून ती तोडू नये.

फर्मवेअर अद्ययावत करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमन असलेल्या गावात हे काम यूपीएसशिवाय किंवा लॅपटॉपची बॅटरी भरल्याशिवाय सुरू करू नये. काही बोर्डांवर पेनड्राइव्हवरून चिप पुन्हा लिहिण्याचे वेगळे बटण असते, ते अशा वेळी तारते. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने नेमकी हीच चिप खोडून जगभरातले कितीतरी संगणक बंद पाडले होते.

सेटअपला पासवर्डही लावता येतो. जुन्या डेस्कटॉपवर तो बॅटरी काढून जाई. कार्यालयांसाठी बनवलेल्या आजच्या लॅपटॉपवर जात नाही, आणि उत्पादक खरेदीचा पुरावा मागतो. त्यामुळे वापरलेला लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच सेटअप उघडून पाहावा.