शार्की काउंटीचा दमट उन्हाळा

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील शार्की ही शेतीवर जगणारी, तुरळक वस्तीची काउंटी आणि इराकची राजधानी बगदाद ही दोन्ही ठिकाणे 33 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतात. जुलैमध्ये बगदादची दुपार सहज 44 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तर शार्कीत कमाल तापमान साधारण 33 अंशांवर राहते. तरीही शार्कीचा उन्हाळा सौम्य म्हणता येत नाही, कारण तिथे जीव नकोसा करते ती हवेतली वाफ.

ही वाफ मुख्यतः मेक्सिकोच्या आखातातून येते. उन्हाळ्यात अटलांटिक महासागरावर बर्म्युडाच्या परिसरात जास्त दाबाचे क्षेत्र ठाण मांडते. त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे वारे आखातावरची ओलसर हवा उत्तरेला लोटतात आणि वाटेत तिला अडवणारा एकही डोंगर नाही. सोयाबीन, मका, कापूस ही उभी पिके बाष्पोत्सर्जनाने त्यात भर घालतात.

दमटपणा समजून घेण्यासाठी सापेक्ष आर्द्रतेपेक्षा, म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ हवेत आहे यापेक्षा, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवा वाफेने पूर्ण भरून दव पडू लागते ते तापमान, पाहावे, असे मला वाटते. दवबिंदू 24 अंश असेल, तर हवेतली वाफ दिवसभर तेवढीच असूनही सापेक्ष आर्द्रता पहाटे शंभर टक्क्यांजवळ आणि दुपारी 34 अंश तापमानाला जेमतेम 56 टक्के भरते. केवळ टक्केवारी पाहणाऱ्याला दुपार कोरडी वाटेल. प्रत्यक्षात अशा हवेत घाम सावकाश वाळतो आणि शरीरातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. रात्रीही सुटका नसते. जमिनीतून निघणारी उष्णता वाफ शोषून घेते, आणि पारा दवबिंदूपर्यंत उतरला की दव पडताना मोकळी होणारी सुप्त उष्णता त्याला फारसे खाली जाऊ देत नाही.

हिवाळ्यात कॅनडाकडून थंड, कोरडी हवा उतरते आणि जानेवारीच्या रात्री गोठणबिंदूजवळ जातात. वसंतात मात्र आखाताची दमट हवा खाली आणि कोरडी, थंड हवा वर अशी रचना होते. त्यातच उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा बदलत असेल, तर चक्रीवावटळी (टॉर्नेडो) जन्मतात. 24 मार्च 2023 च्या रात्री अशाच एका भीषण वावटळीने रोलिंग फोर्क हे काउंटीचे मुख्य गाव उद्ध्वस्त केले. उन्हाळ्यातल्या उकाड्यापेक्षा वसंतातल्या या रात्रींचे भय मोठे मानले पाहिजे.

पावसाला इथे ठरलेला ऋतू नाही. वर्षाकाठी साधारण 1,300 ते 1,400 मिलिमीटर पाऊस बाराही महिन्यांत विभागून पडतो. तो झेलणाऱ्या चिकण मातीला मृदाशास्त्रात या काउंटीचेच नाव आहे. ओली झाली की फुगणारी, वाळली की खोल भेगा पडणारी ही शार्की माती महाराष्ट्रातल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्याच वर्गात मोडते. भिजून फुगलेल्या या मातीतून पाणी लवकर खाली मुरत नाही. 2019 मध्ये मिसिसिपी नदीचे पाणी आत शिरू नये म्हणून दक्षिणेकडील स्टील बायू या ओढ्यावरचे पूरनियंत्रणाचे दरवाजे बंद ठेवावे लागले, तेव्हा आत पडलेल्या पावसालाही बाहेर जायला वाट उरली नाही. शार्की आणि आसपासच्या काउंट्यांतील 5 लाख एकरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली, पूर अनेक महिने हटला नाही आणि कितीतरी शेतांत त्या वर्षी पेरणीच झाली नाही.