शेपटा पातळ, डोकं कोरडं

गव्हाचं पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तो कोंडा, आणि काळ्या ब्लाउजच्या खांद्यावर सांडतो तोही कोंडाच. या दोन गोष्टींना एकच नाव कुणी दिलं कोण जाणे, पण तसं करणारे आपण एकटे नाही. त्वचेवरून बारीक फोलपटं सुटण्याला डॉक्टर 'पिटिरियासिस' म्हणतात. त्यातला ग्रीक 'पिटिरॉन' म्हणजे धान्याचा कोंडा. डोक्यावर राहणाऱ्या बुरशीच्या एका जातीचं नाव 'मॅलॅसेझिया फरफर'. लॅटिनमध्ये 'फरफर' म्हणजे पुन्हा कोंडाच. तीन भाषांतल्या माणसांना डोक्याकडे बघून चाळणीच आठवली.

नाव एक झालं की उपायही एकच शोधला जातो आणि गडबड तिथून सुरू होते. खांद्यावर पांढरं पडलं म्हणजे कोंडा, कोंडा म्हणजे कोरडेपणा, कोरडेपणा म्हणजे तेल. घरोघर हेच चालतं. प्रत्यक्षात खांद्यावर पडणारं पांढरं दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडू शकतं, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला बाधतो.

पहिलं कारण खरंखुरं कोरडेपणाचं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. कडकडीत पाणी, रोजचा कडक शॅम्पू, डिसेंबरातली कोरडी हवा, दिवसभराचा एसी हे लिंपण उकरून काढतात. मग आतली ओल उडून जाते, डोकं ताणल्यासारखं वाटतं आणि पिठासारखी बारीक, कोरडी, पांढरी फोलपटं झडतात. अशा माणसाच्या नडग्या आणि कोपरंही त्या दिवसांत बहुधा खरखरीत झालेली असतात.

दुसरं कारण नेमकं उलटं, म्हणजे तेलकटपणाचं. वर जिचं नाव आलं ती मॅलॅसेझिया बुरशी जवळजवळ प्रत्येक माणसाच्या डोक्यावर असते. तिला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ती आपल्या त्वचेतून झिरपणाऱ्या तेलावर जगते. त्या तेलातला हवा तो भाग ती खाते आणि ओलेइक आम्लासारखा भाग तसाच टाकते. काहींच्या त्वचेला हे उष्टं मानवत नाही. त्वचेच्या पेशी एरवी साधारण महिनाभरात सावकाश वर येऊन एकेक सुटतात. इथे त्या घाईने वर येतात आणि पुंजक्यांनी सुटतात. ही फोलपटं मोठी, पिवळसर, जरा चिकट असतात. खाज अधिक असते, भुवयांत आणि नाकाच्या बाजूलाही सुटते.

अशा डोक्यावर तेल थापलं की फोलपटं चिकटून बसतात आणि दोन दिवस दिसत नाहीत. आपल्याला वाटतं, गुण आला. तोवर बुरशीची पंगत बसलेली असते. ऑलिव्ह तेलात तर जवळपास 70 टक्के ओलेइक आम्लच असतं, म्हणजे त्रास देणारा पदार्थ आपणच विकत आणून चोळतो. या कोंड्याला औषधाच्या दुकानातला झिंक पायरिथिओन किंवा केटोकोनॅझोल असलेला शॅम्पू लागतो. तो आठवड्यातून दोनदा त्वचेवर लावून पाचेक मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. बहुतेक लोक तो फेस आला की लगेच धुऊन टाकतात आणि म्हणतात, काही उपयोग झाला नाही.

कोरड्या डोक्याला यातलं काही नको. पाणी कोमट, शॅम्पू सौम्य आणि आठवड्यातून दोनदा, न्हाण्याच्या तासभर आधी बोटांच्या टोकांनी थोडंसं तेल. नखं लावायची नाहीत. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर आपलं निदान चुकलं असं समजावं.

आता केसाकडे येऊ. त्वचेच्या वर आलेला केस जिवंत नसतो. कापताना दुखत नाही, हा त्याचा पुरावा आपण सगळ्यांनी अनुभवलेला आहे. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा, बाहेरून कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांनी झाकलेला. त्याला रक्त पोचत नाही, त्यामुळे 'केसांना पोषण' ही बाटलीवरची ओळ केसापुरती निरर्थक आहे. केस म्हणजे कापड आहे. पैठणीला कुणी खायला घालत नाही, तिला जपतात. डोक्याची त्वचा मात्र कातडी आहे आणि तिची निगा कातडीसारखीच घ्यायला हवी. माझ्या मते घरगुती उपायांतला निम्मा गोंधळ ही दोन खाती वेगळी न ठेवल्याने होतो.

कापडाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घासणं, आणि तेही ओलं असताना. भिजलेल्या केसाची जाडी साधारण 15 टक्क्यांनी वाढते, लांबी जेमतेम एक-दोन टक्क्यांनी. फुगल्यावर खवले उचकटतात, वाळल्यावर बसतात, आणि दर न्हाण्याला हेच. म्हणून ओल्या केसांतून बारीक दातांची फणी ओढणं, पंच्याने झटकणं, ओला अंबाडा घट्ट बांधणं हे सगळं बारीक केसांना महागात पडतं. टिपून घ्यावं, अर्धवट वाळू द्यावं, मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवत जावं.

खोबरेल तेलाचं खरं काम इथे आहे. 2003 मध्ये आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना-विंचरताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं, न्हाण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू छोटा आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो आणि केस पाण्याने कमी फुगतो. हे संशोधक मुंबईत खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचे होते, हेही सांगायला हवं. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना ध्यानात असू द्यावं. आणि त्या प्रयोगात केस वाढला नव्हता, कमी झिजला होता. बारीक केसाला तेल चमचाभरच पुरतं. जास्त झालं तर ते काढायला शॅम्पू जास्त लागतो आणि कोरडेपणा परत हजर. एरंडेल तर फारच चिकट. त्याने लांब केसांचा एकाएकी असा गुंता झाला की शेवटी केस कापावेच लागले, असं उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात आलेलं आहे.

धुण्याचं पाणीही बघावं लागतं. शाळेत शिकलेला 'दुष्फेन' हा शब्द आठवतो का? बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका धरतं. बादलीच्या कडेला दिसतो तोच केसांवरही बसतो. साबण आम्लारीधर्मी असतो, त्याने खवले उघडतात, ते वेगळंच. बेकिंग सोड्याने डोकं धुण्याचे सल्ले फिरतात, त्यांचाही दोष हाच. शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन असतं. त्याचा फेस कमी, पण ते पाण्याशी असा साका धरत नाही. फक्त शिकेकाई उकळून, गाळून वापरावी. तिचा भरड चोथा डोक्यावर घासणं म्हणजे कोरड्या त्वचेला घासणीने खरवडणं. आणि शॅम्पू त्वचेला, कंडिशनर केसांच्या टोकांना. कंडिशनर मुळाशी लावला की बारीक केस चपटे बसतात.

'केस पातळ झाले' या तक्रारीतही दोन गोष्टी असतात. एकीचा केसच बारीक असतो, जन्मापासून. एकीचा केस विरळ होत जातो. पहिलीला दुखणं नाही, तिने केस एका रेषेत, फार लांब न ठेवता कापले तर ते भरदार दिसतात. दुसरीने कारण शोधायला हवं.

त्याआधी न्हाणीघराच्या जाळीवरचा पुंजका मोजू. डोक्यावर साधारण एक लाख केस. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे थबकतो, तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. तीन वर्षांचं चक्र धरलं तर एक लाख भागिले हजार दिवस, म्हणजे रोज शंभर. तीन दिवसांनी न्हाणारीच्या हाती दोन-तीनशे केस येणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरवतो तो एकदम येणारा लोंढा. मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, शस्त्रक्रिया, महिनाभराचं अघोरी डाएट यांनी शरीराला धक्का बसला की पुष्कळ केस वाढ सोडून एकदम विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या प्रकाराला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' हे नाव दिलं. घोळ या मधल्या तीन महिन्यांचा आहे. ताप जूनमध्ये येतो, केस गणपतीत गळतात, आणि दोष जातो ऑगस्टात आणलेल्या नव्या शॅम्पूवर. पुढे केस आपोआप परत येतात, तेव्हा श्रेय मिळतं त्या वेळी डोक्यावर जे काही चोळणं चालू असेल त्याला. निम्म्या रामबाण तेलांची कीर्ती अशी तयार झाली असावी.

हळूहळू विरळ होण्यामागे थायरॉइड असतं, अनुवंश असतो, आणि आपल्याकडे फार वेळा लोहाची कमतरता असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघायला सांगावं; साठा आधी आटतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. स्वयंपाकघरातून करण्यासारखं इथे पुष्कळ आहे: लोखंडी कढईत आमटी, जेवणालगतचा चहा तासभर पुढे ढकलणं, डाळी-उसळी, आणि लिंबू. लिंबू डोक्यावर पिळलं तर त्याचं तीव्र आम्ल कोरड्या त्वचेला झोंबतं, उन्हात गेलात तर चट्टेही उठवू शकतं. तेच पोह्यांवर पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

कांद्याच्या रसाचं काय, हे विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही. त्यामागे खरंच एक अभ्यास आहे. 2002 मध्ये इराकी डॉक्टरांनी तो प्रसिद्ध केला: रस लावणाऱ्या 23 जणांपैकी 20 जणांचे केस परत आले, नुसतं पाणी लावणाऱ्या 15 पैकी दोघांचे. पण हे सगळे चाईचे रुग्ण होते. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते, गोल टक्कल पडतं, आणि ते अनेकदा आपोआप भरूनही येतं. विरळ होणाऱ्या केसांशी या अभ्यासाचा संबंध नाही. वास मात्र सगळ्यांना सारखाच येतो.

अंड्यातल्या प्रथिनाचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नसतात. धुताना पाणी गरम असेल तर डोक्यावर भुर्जी होते. बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या कमतरता नसलेल्यांना केसांसाठी उपयोगी पडतात याला भक्कम आधार नाही, उलट मोठा डोस काही रक्ततपासण्यांचे आकडे बिघडवतो. हृदयविकारासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या चाचणीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा इशाराही दिला. आणि जावळ काढल्याने केस दाट येतात म्हणाल, तर 1928 मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनातज्ज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीवर मोजमाप करून दाखवलं की वस्तऱ्याने केस ना जाड होतो, ना भरभर वाढतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तो राठ लागतो. जावळ हौसेनं काढावं, दाटपणाच्या आशेनं नको.

मालिशीबद्दल मात्र मी जरा मवाळ आहे. 'शॅम्पू' हा शब्दच मुळी 'चांपो'वरून गेला, म्हणजे आपल्या 'चेपा'सारखाच. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी 1814 मध्ये इंग्लंडातल्या ब्रायटनला मालिश-स्नानगृह काढलं आणि पुढे राजा चौथा जॉर्ज याचे 'शॅम्पूइंग सर्जन' झाले. धुण्याशी त्या शब्दाचं नातं नंतर जुळलं. 2016 मधल्या एका जपानी अभ्यासात नऊ पुरुषांच्या डोक्याला यंत्राने रोज चार मिनिटं मालिश केली, तेव्हा 24 आठवड्यांनी केसांची जाडी किंचित वाढली. संख्या वाढली नाही. नऊ माणसं म्हणजे पुरावा फारसा नव्हे. पण चंपी सुखाची असते आणि फुकट असते, तेव्हा हळू हाताने करायला हरकत नाही.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र घरी वेळ काढू नये: गोल टक्कल, लहान मुलाच्या डोक्यावर खवले आणि तुटके केस, कारण ते बहुधा गजकर्ण असतं, केसांच्या रेषेबाहेर उतरलेले जाड, चंदेरी पापुद्रे, म्हणजे सोरायसिसची शंका, आणि महिन्यागणिक रुंदावणारा भांग. शेवटच्यावर मिनॉक्सिडिल हे औषध आहे. ते मुळात रक्तदाबाचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा उपयोग लक्षात आला. सुरुवातीला त्याने गळती वाढल्यासारखी वाटते, त्यामुळे पुष्कळजणी तिथेच सोडून देतात. ते त्वचातज्ज्ञांना विचारूनच सुरू करावं.

यातलं काहीही करायचं ठरवलंत तर आधी एक दोरा घ्या. केस सैल बांधून शेपट्याच्या मुळाशी तो एकदा गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे कापा आणि कागदावर तारखेसह चिकटवा. खिडकीशी उभं राहून भांगाचा एक फोटो काढा. मग तीन महिने जाळीवरचे केस मोजू नका. नंतर त्याच खिडकीशी, त्याच वेळी, दुसरा दोरा.