एक किलो आठळ्या, एक क्वार्टर

मे-जूनमध्ये ठाण्याच्या जांभळी नाक्यावर फणसवाले दिवसभर सुरीला तेल लावून गरे काढत बसतात आणि संध्याकाळी त्यांच्या मागे चारखंडांचा आणि फुटलेल्या आठळ्यांचा ढीग पडलेला असतो. फणस मूळचा आपल्या सह्याद्रीचाच. आठळ्या आपण आमटीत घालतो, भाजून खातो, पण उरलेल्या सरळ कचऱ्यात. मी त्यातली एक आणून मधोमध कापली आणि तिच्यावर घरातल्या बेटाडीनचा थेंब टाकला, तपकिरी थेंब बघता बघता निळाकाळा झाला. बेटाडीनमधलं आयोडीन स्टार्चला लागलं की असंच होतं, म्हणजे आत ठासून स्टार्च आहे.

स्टार्चपासून इथेनॉल होतं हे ऐकून माहीत असतं, पण मधे एक अडचण आहे. दारू असो की पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल, काम करणारं यीस्ट तेच, आणि त्याला साखर लागते. उसाच्या मळीत ती तयारच असते म्हणून आपल्याकडे साखर कारखान्यांचं सोपं जातं. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब माळ, आणि नेहमीच्या यीस्टला ती तोडताच येत नाही. आपल्याला येते, आपल्या थुंकीत ती तोडणारं अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, उकडलेली आठळी तोंडात घोळवत चावून बघा, हळूहळू गोडसर लागायला लागते.

मी हौसेने आठळ्या वाटून पाण्यात शिजवल्या तर दहा मिनिटांत कढईत खळ तयार झाली, पतंग चिकटवायला असते तशी, आणि पळी उभी राहिली. मोठ्या प्लांटमध्येही हाच ताप असतो, म्हणून लगदा ८५-९० अंशांवर गरम करतानाच त्यात उष्णता सोसणारं अल्फा-अमायलेज टाकतात, ते माळेचे तुकडे करतं आणि खळ पातळ होते. मग ६० अंशांच्या आसपास दुसरं एन्झाइम, ग्लुकोअमायलेज, जे टोकापासून एकेक ग्लुकोज सोडवत जातं. हे बहुतेक काळ्या बुरशीकडून मिळतं. त्यानंतर ३०-३२ अंशांवर थंड करून यीस्ट. दोन-तीन दिवसांत साधारण १० टक्के अल्कोहोल, पुढे डिस्टिलेशन, पण त्याने कितीही केलं तरी ९५-९६ टक्क्यांवर गाडी अडते, उरलेलं पाणी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाने शोषून काढावं लागतं. (घरी भट्टी लावायचा विचार असेल तर राहू द्या, दारूबंदी कायदा १९४९ पासून आहे.)

आता हिशोब. १०० ग्रॅम स्टार्चला पाणी जोडलं जाऊन १११ ग्रॅम ग्लुकोज होतं, त्यातून फार तर ५७ ग्रॅम इथेनॉल, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. ताज्या आठळीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून किलोमागे पाव किलो स्टार्च धरू. इथेनॉल आलं १८० मिली, म्हणजे बरोब्बर एक क्वार्टर! लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांश एनर्जी, म्हणजे ते १२० मिली पेट्रोलसारखं, ४५ चा अ‍ॅव्हरेज देणारी स्कूटी स्टेशनवरून माजिवड्यापर्यंत आणि थोडी पुढे जाईल, तेही ट्रॅफिक नसेल तर, आणि शिजवायला, गाळायला लागलेलं इंधन यात धरलेलंच नाही.

मला खरा प्रश्न केमिस्ट्रीचा वाटतच नाही, गोळा करण्याचा वाटतो. १९१७ मध्ये ब्रिटनने दारूगोळ्यासाठी अ‍ॅसिटोन हे रसायन हवं म्हणून शाळेच्या पोरांकडून हॉर्स चेस्टनट या झाडाची फळं गोळा करून घेतली होती, तिथेही स्टार्च आणि आंबवणंच, फक्त यीस्टऐवजी बॅक्टेरिया. फळं ढीगभर आली पण कच्चा माल म्हणून ती काही धड चालली नाहीत.

आठळीचं तर त्याहून अवघड, सीझन दोन-तीन महिन्यांचा आणि वाळवून पीठ केलं नाही तर ती टिकत नाही. माझ्या बाल्कनीत विसरलेल्या पिशवीत काल बघितलं तर अर्ध्या आठळ्यांना कोंब आलेले, म्हणजे स्टार्च तोडायचं काम त्यांनी आपापलं, स्वतःच्याच अमायलेजने सुरूही केलं होतं.