गेलेल्याची इच्छा आणि राहिलेल्यांचा हक्क

मृत्युपत्र, ट्रस्ट, वारसांचा राखीव वाटा ही सगळी साधने आज वकिलाकडे एका बैठकीत समजून घेता येतात. ती घडायला मात्र काही हजार वर्षे लागली, आणि बऱ्याचदा कायद्याने एखादी वाट बंद केली म्हणूनच ती घडली. कमावणाऱ्याच्या इच्छेला किती मान द्यायचा आणि मागे राहणाऱ्यांच्या हक्काला किती, या प्रश्नाभोवती हा इतिहास फिरत राहतो.

बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात (इ.स.पू. १८वे शतक) बापाला रागाच्या भरात मुलाला बेदखल करता येत नसे. त्याने न्यायाधीशांपुढे जायचे आणि त्यांनी चौकशी करायची. मुलाचा गंभीर अपराध दिसला नाही, तर मागणी फेटाळली जाई. अपराध दिसला तरी पहिल्या खेपेला माफी होती. लाडक्या मुलाला शेत किंवा घर जास्तीचे द्यायचे, तर त्यासाठी शिक्क्यानिशी लेख करून देण्याची सोय होती.

रोममध्ये मृत्युपत्र करण्याचे स्वातंत्र्य सुरुवातीला फार मोठे होते. पुढे इ.स.पू. १६९ मध्ये व्होकोनियन कायदा आला आणि सर्वांत श्रीमंत वर्गातल्या माणसाला स्त्रीला वारस नेमण्याची बंदी झाली, मग ती त्याची एकुलती एक मुलगी का असेना. लोकांनी यावर उपाय काढला तो शब्दाचा. विश्वासू मित्राला वारस नेमायचे आणि ‘हे सगळे माझ्या मुलीच्या हाती दे’ अशी विनंती करून ठेवायची. ती पाळण्याची कायद्याची सक्ती नव्हती.

रोमन वक्ता सिसेरोने यातली दोन प्रकरणे नोंदवली आहेत. सेक्स्टिलियस रुफसला एका मित्राने मुलीसाठी वारस नेमले होते. मृत्युपत्रात तसे लिहिलेही होते. मित्र गेल्यावर रुफसने हात वर केले, आपल्याला अशी विनंती कोणी केलीच नव्हती म्हणाला, आणि वर व्होकोनियन कायदा पाळण्याची शपथ पुढे केली. मुलीला कायद्यात बसेल तेवढेच मिळाले. दुसरीकडे सेक्स्टस पेड्युसियसला केलेली विनंती कोणालाही माहीत नव्हती, तरी तो स्वतः मित्राच्या विधवेकडे गेला आणि सारी मालमत्ता तिच्या स्वाधीन केली. कुटुंबाचे भवितव्य असे एका माणसाच्या प्रामाणिकपणावर टांगून ठेवणे किती धोक्याचे असते, हे यांहून स्पष्ट कुठे दिसणार? अखेर सम्राट ऑगस्टसने अशा विनंत्यांची अंमलबजावणी कॉन्सल या रोमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे सोपवली. विश्वासाला कायद्याचे पाठबळ मिळाले ते तेव्हा.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हीच गोष्ट नव्याने घडली. तिथे सामान्य कायद्यानुसार (कॉमन लॉ) जमिनीचे मृत्युपत्र करता येत नसे. ती साधारणपणे थोरल्या मुलाकडे जाई. वारस अज्ञान असेल तर सरदार त्याचा पालक होऊन जमिनीचे उत्पन्न खाई, त्याचे लग्न कुठे लावायचे हेही ठरवी. म्हणून जमीनदार जिवंतपणीच जमीन मित्रांच्या नावे करी आणि ती बायकोमुलांच्या उपयोगासाठी सांभाळायला सांगे. न्यायालयांच्या लेखी मालक ते मित्रच. शब्द मोडलेल्या मित्राला चॅन्सलर या राजाच्या वरिष्ठ मंत्र्याच्या दरबारात मात्र सदसद्विवेकाच्या आधारे जाब विचारला जाई. राजाचे उत्पन्न बुडू लागले तेव्हा आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये कायदा करून या व्यवस्थेवर घाव घातला. त्याच वर्षी उत्तर इंग्लंडमध्ये उठलेल्या बंडखोरांच्या तक्रारींत हाही कायदा होता. १५४० मध्ये त्याला बरीचशी माघार घ्यावी लागली आणि जमिनीचे मृत्युपत्र प्रथमच कायदेशीर झाले. विश्वस्तांकडे प्रत्यक्ष कामाची जबाबदारी असलेले व्यवहार १५३६ च्या कायद्यातून सुटले होते. आजचा ट्रस्ट वाढला तो तिथून. लग्नानंतर स्त्रीची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाण्याच्या त्या काळात मुलीचे धन वेगळे राखायला बापाकडे हाच भरवशाचा मार्ग होता, आणि विवाहितेला स्वतःची मालमत्ता राखू देणाऱ्या १८८२ च्या कायद्यापर्यंत त्याची गरज टिकून राहिली.

या साधनाचा अतिरेकही झाला. लंडनचा धनाढ्य व्यापारी पीटर थेलसन १७९७ मध्ये वारला. बायकोमुलांना त्याने तुलनेने थोडे दिले. उरलेली प्रचंड संपत्ती मुलगे आणि हयात नातू यांतला शेवटचा जाईपर्यंत नुसती साठवत ठेवायची आणि मग पुढच्या वंशजांना द्यायची, असे लिहून ठेवले. हयात माणसांना उपाशी ठेवून न जन्मलेल्यांसाठी साठवण्याचा हा हट्ट मला क्रूर वाटतो. तरीही तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८०५ मध्ये ते मृत्युपत्र वैध ठरवले. तोवर संसदेने १८०० मध्येच अशा साठवणुकीवर मुदतीची मर्यादा घालून पुढच्यांची वाट बंद केली होती. या मृत्युपत्रावरच्या खटल्यांतला शेवटचा निकाल १८५९ चा. वकिलांचा खर्च आणि ढिसाळ कारभार यांमुळे वंशजांच्या हाती मूळ रकमेच्या फार पुढे काही आले नाही.

फ्रान्सने उलटी बाजू धरली. १८०४ च्या नागरी संहितेनुसार एक मूल असेल तर अर्धी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मुलांसाठी राखीव. बाप फक्त उरलेल्याचा धनी. न्यूझीलंडने १९०० मध्ये मधला रस्ता काढला: मृत्युपत्र हवे तसे करा, पण बायको, नवरा किंवा मुले निराधार होत असतील, तर न्यायालय त्यांना त्यातून पोटापाण्याची तरतूद करून देईल. इंग्लंडने तो मार्ग १९३८ मध्ये स्वीकारला.

ट्रस्ट किती वर्षे चालावा, यावर अजून एकमत नाही. इंग्लंडने २००९ च्या कायद्यात १२५ वर्षांची मुदत घातली; अमेरिकेतल्या साउथ डकोटाने ती मर्यादा १९८३ मध्येच काढून टाकली होती.