शालेय सशस्त्र सुरक्षा : बेळगाव सीमाभाग

शाळेच्या आवारात किंवा फाटकावर बंदूकधारी पहारा ठेवण्याची व्यवस्था आणि तिच्या आवश्यकतेविषयीचा वाद. प्रस्तुत नोंदीत हा विषय मुख्यतः कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्याच्या, म्हणजे बेळगाव शहर व तालुका, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी-अथणीचा काही भाग यांच्या संदर्भात पाहिला आहे. या भागातील सर्वसाधारण शाळेच्या फाटकावर वॉचमन किंवा शिपाईमामा असतो, त्याच्या हातात फार तर काठी असते. सरकारी मराठी प्राथमिक शाळांत बहुधा तोही नसतो.

पूर्वपीठिका : शाळेसाठी स्वतंत्र पोलीस नेमण्याची प्रथा अमेरिकेत रुजली, याविषयी फारसे दुमत नाही. ती केव्हा व कोठे सुरू झाली याविषयी मात्र आहे. बहुतेक लेखक मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहराचे नाव देतात, परंतु त्यांच्यातही सालाविषयी एकवाक्यता नाही. कोणी १९५३ धरतो, तर कोणी त्याच दशकाचा उत्तरार्ध. लॉस अँजेलिसमध्ये शालेय सुरक्षा विभाग १९४८ मध्येच होता, असे दुसरा पक्ष दाखवतो. तिसरा पक्ष इंडियानापोलिसच्या शिक्षणमंडळाने १९३९ मध्ये नेमलेल्या विशेष तपासनिसापर्यंत मागे जातो. कालनिर्णयाच्या या मतभेदाचे मूळ व्याख्येत आहे. इंडियानापोलिस व लॉस अँजेलिस येथे भर होता आवाराच्या राखणीवर आणि गस्तीवर. फ्लिंटमधील प्रयोगात पोलिसाने शाळेत रुळावे आणि मुलांशी ओळख वाढवावी, अशी अपेक्षा होती. या दोन प्रथा स्वतंत्र मानल्या तर तिन्ही साले आपापल्या जागी बरोबर ठरतात आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. भारतीय शाळांतील वॉचमन पहिल्या प्रथेला जवळचा आहे. दुसरीचा अंश शाळकरी मुलांना पोलिसांकडून प्रशिक्षण देणाऱ्या विद्यार्थी पोलीस कॅडेट या योजनेत दिसतो. ती केरळात २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये देशपातळीवर आणली गेली.

बंदुकीचा प्रश्न ऐरणीवर आला तो अमेरिकेतील शाळांमधल्या गोळीबारांमुळे. कोलंबाइन (१९९९) येथील शाळेवर सशस्त्र पोलीस अधिकारी नेमलेला होता आणि त्याने हल्लेखोरांवर गोळ्याही झाडल्या होत्या. सँडी हुक (२०१२) येथे वीस मुलांसह सव्वीस जणांचा बळी गेल्यावर, प्रत्येक शाळेत सशस्त्र पहारा हवा अशी मागणी अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल संघटनेने केली. पार्कलंड (२०१८) येथे नेमणुकीवरचा सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला. युवाल्डी (२०२२) येथे तर साडेतीनशेहून अधिक पोलीस जमूनही हल्लेखोरापर्यंत पोचायला सत्तर मिनिटांहून अधिक वेळ लागला. १९८० ते २०१९ या काळातील १३३ घटनांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सशस्त्र पहाऱ्यामुळे जखमींची वा मृतांची संख्या घटल्याचे त्यात आढळले नाही. उलट असा पहारा असलेल्या ठिकाणी मृत्यूंचे प्रमाण सुमारे २.८ पट होते. जेथे धोका अधिक तेथेच पहारा असणार, असा आक्षेप यावर घेता येतो. तो गृहीत धरला तरी पहारा उपयोगी असल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

उपखंडात पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवरील हल्ला (१६ डिसेंबर २०१४) निर्णायक ठरला. त्यानंतर खैबर पख्तुनख्वा प्रांतात शिक्षकांना परवानाधारी शस्त्र शाळेत आणण्याची मुभा देण्यात आली. भारतात केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना सूचना धाडल्या. त्यांचा रोख कुंपणभिंत, फाटकावरील पहारा, कॅमेरे आणि जवळच्या पोलीस ठाण्याशी संपर्क यांवर होता.

कायदेशीर बाजू : खाजगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ याच्या व्याख्येत सुरक्षारक्षक शस्त्रासह किंवा शस्त्राविना, असा दोन्ही प्रकारचा धरला आहे. म्हणजे शाळेत बंदूकधारी रक्षक ठेवण्यास या अधिनियमाची मुळात आडकाठी नाही. अडचण तपशिलात आहे आणि सीमाभागात ती दुणावते.

पहिली अडचण संस्थेच्या परवान्याची. तो राज्यागणिक मिळतो, त्यामुळे महाराष्ट्राचा परवाना असलेल्या कोल्हापूरच्या सुरक्षा संस्थेला कागलपर्यंत माणूस पुरवता येतो. पलीकडच्या निपाणीत पुरवायचा तर कर्नाटकाचा परवाना वेगळा काढावा लागतो. दुसरी अडचण शस्त्राच्या परवान्याची. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांखाली परवाना ठरावीक व्यक्तीला, ठरावीक कारणासाठी आणि ठरावीक क्षेत्रापुरता दिला जातो. महाराष्ट्रातील चंदगड किंवा गडहिंग्लज तालुक्यांत, तसेच शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांत निवृत्त जवानांची संख्या मोठी आहे आणि बँकांच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन बसणाऱ्यांत निवृत्त जवान नेहमी दिसतात. अशा माणसाला बेळगावच्या शाळेने कामावर घेतले, तरी त्याच्या परवान्याच्या क्षेत्रात कर्नाटक नमूद नसेल तर सीमेवरचा शिनोळीचा नाका ओलांडताच बंदूक बेकायदा ठरते. तो रजेवर गेल्यास बदली माणसाच्या हाती तीच बंदूक देता येत नाही, हेही शाळाचालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

रक्षकाच्या प्रशिक्षणासाठी केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत १०० तास वर्गात व ६० तास मैदानावर, किमान वीस कामाच्या दिवसांत, अशी तरतूद होती. माजी सैनिक व पोलीस यांना ती ४० व १६ तासांवर आणली होती. घाबरलेल्या मुलांच्या गर्दीत शस्त्र कसे आवरावे, हा या शिक्षणाचा विषय नव्हे. सैन्य वा पोलीस यांच्यासारखा दिसणारा गणवेश रक्षकाने घालणे हा याच अधिनियमाखाली गुन्हा आहे. कँटोन्मेंट असलेल्या बेळगावात ही तरतूद नावापुरती नाही. येथे सैनिकी कपडा बाजारात सहज दिसतो.

शस्त्र परवान्याला २०१९ च्या दुरुस्तीने आणखी चाप बसला. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांकडून शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. खानापूरकडील शेतकरी रानडुकरांसाठी काढलेल्या पीकसंरक्षणाच्या बंदुका दर निवडणुकीला अशाच जमा करतात. बँकांच्या रक्षकांना यातून बहुधा सूट मिळते.

प्रत्यक्ष स्थिती : बेळगावातील काही शिक्षणसंस्था सैनिकी क्षेत्रात आहेत. राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ पासून येथे आहे. सांबऱ्याच्या हवाई दल केंद्रात आणि कँटोन्मेंट हद्दीतही शाळा आहेत. त्यांच्या वाटेवर बंदूकधारी जवान दिसतो, पण तो त्या लष्करी ठिकाणचा पहारा असतो, शाळेचा नव्हे. सशस्त्र पहाऱ्याची उदाहरणे म्हणून अशा शाळा मोजणे योग्य नाही. कित्तूरची राणी चन्नम्मा मुलींची निवासी सैनिकी शाळा (१९६९) हाही वेगळाच प्रकार; तेथे शस्त्र हा शिक्षणाचा भाग आहे. शहरातील इतर शाळांचा बंदुकीशी संबंध येतो तो एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलीपुरता आणि ती एरवी बटालियनच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, बंद असते.

सामान्य शाळेत सशस्त्र पोलीस दिसण्याचा नेमाचा प्रसंग म्हणजे मतदान, कारण केंद्रे शाळांतच असतात. दहावीच्या परीक्षेलाही केंद्राबाहेर पोलीस असतो, झेरॉक्सची दुकाने बंद ठेवतात आणि प्रश्नपत्रिका तालुक्याच्या सरकारी खजिन्यातून पहाऱ्यात येतात. या बंदोबस्ताचा हेतू कागदांचे रक्षण हा आहे.

मराठी शाळांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. १७ जानेवारी १९५६ चा बेळगावातील गोळीबार आणि कन्नडसक्तीविरुद्धच्या जून १९८६ च्या आंदोलनातील गोळीबार यांच्या स्मृती हुतात्म्यांना अभिवादन करताना दरवर्षी जाग्या होतात. यांपैकी दुसऱ्या आंदोलनाचा विषयच शाळेतील भाषा हा होता. खाजगी पहाऱ्याविषयीच्या आजच्या मतांशी त्याचा थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. तथापि शाळेच्या दारातील बंदूक येथील जुन्या पिढीला निव्वळ रक्षणाची खूण वाटत नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

धोक्यांचे स्वरूप : भारतीय शाळांतील मोठ्या दुर्घटनांत बाहेरून आलेला बंदूकधारी क्वचितच असतो. कुंभकोणमच्या शाळेला २००४ मध्ये लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. त्यावरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणहक्काचाच भाग मानला. बेंगळूर (२०१४) आणि बदलापूर (२०२४) येथील लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत शाळेतल्याच माणसांवर आरोप झाले. त्यानंतर दोन्ही राज्यांत कॅमेरे आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांवर भर आला. बेंगळूरमधील चाळीसहून अधिक शाळांना १ डिसेंबर २०२३ रोजी आलेल्या बॉम्बच्या ई-मेल धमक्या खोट्या निघाल्या. या कोणत्याही प्रसंगी फाटकावरील बंदूक कामाची नव्हती.

बेळगावात शस्त्रधारी माणसे शाळांच्या आसपास फिरली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, बिबट्यासाठी. जाधवनगरात व पुढे गोल्फ मैदानाच्या झाडीत तो दिसल्यावर परिसरातील वीसहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वनखात्याने भूल देणाऱ्या बंदुका आणल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूहून हत्ती मागवले, आणि तरी अनेक आठवडे तो हाती लागला नाही. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला अस्वलाची भीती कायमची आहे. तेथील मुले जंगलातून पायी शाळेला येतात. धोका त्या वाटेवर असतो आणि फाटकावरचा पहारा, सशस्त्र असो वा नसो, तेथवर पोचत नाही.